लाँचच्या खिडक्यांवर मारलेलं पाणी

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही, आणि तिला मी बहुतेक सगळं सांगतो, तिने विचारलेलं नसलं तरी.

खरं म्हणजे अर्धी गोष्ट मी सगळ्यांना सांगत आलो आहे. भिलाईत चार मराठी घरं जेवायला जमली, मग ती कोजागिरी असो की कुणाची निवृत्ती, की कुणीतरी म्हणतंच, ते लाँचवालं सांगा ना. मी आढेवेढे घेतो, मग सांगतो. लोक हसतात. तुम्ही त्या बैठकीत असता तर तुम्हीही हसला असता — मी ती चांगली सांगतो. आज उरलेली अर्धी सांगायची आहे. तिच्यात हसण्यासारखं काही नाही.

आधी माणसं सांगतो. वासुदेव माझा शेजारी. सेक्टर सहामध्ये आमच्या क्वार्टरांची भिंत एकच होती. त्याच्याकडे कुकरची शिटी झाली की आमच्याकडे ताटं मांडली जायची. तो मूळचा वैनगंगेकाठचा. शेती भावांवर सोडून इथे आला आणि सगळी नोकरी पोलाद कारखान्याच्या कोक ओव्हनच्या, म्हणजे कोळशाच्या भट्ट्यांच्या, धगीत काढली. मी रायपूरचा, आजोबांपासून. मी कारखान्याच्या कचेरीत पंख्याखाली बसून मोठ्या साहेबांची भाषणं लिहिली. तो मला 'मास्तर' म्हणतो. मी जन्मात कुणाला काही शिकवलेलं नाही, पण ज्याच्या घरी पुस्तकांचं कपाट तो त्याच्या मते मास्तर.

दोघंही निवृत्त झालो. तो कोहक्यात घर बांधून गेला, मी स्मृति नगरात आलो. मी वाचत बसलो; त्याला बसणं जमेना. गल्लीतले कूलर, मिक्सर, कुणाचा नळ — जे सापडेल ते उघडायचा. अशात आमच्या निवृत्तांच्या संघाला एक जुनी लाँच मिळाली. गावाबाहेरच्या जलाशयावर पूर्वी साहेब लोक तिच्यातून पाहणीला जायचे. नंतर कित्येक वर्षं ती काठावर पडून होती. फायबरचं अंग, वर छोटी केबिन, केबिनला दोन्ही बाजूंनी सरकत्या काचांच्या खिडक्या. इंजिन ओळखीच्या मेकॅनिकने सुरू करून दिलं. खिडक्या मात्र गळायच्या. बाहेर शिंतोडा उडाला की आतली बाकं ओली. संघाने ठरवलं, वासुदेवने खिडक्या नीट केल्या तर लाँच त्याच्या ताब्यात. रविवारी लोकांना फिरवायचं, तिची निगा राखायची. मिळणार काही नव्हतं. किल्ली मात्र त्याच्या खिशात राहणार होती.

ती किल्ली त्याला किती हवी होती, हे मला माहीत होतं. हे इथेच लिहून ठेवतो, कारण पुढे मी स्वतःला सोडवायला बघेन. लहानपणी डोंग्यातून नदी ओलांडून शाळेत गेलेला माणूस तो. मला एकदा म्हणाला होता, "मास्तर, पान्यावर गेलो का मले माहं वय आठवत नाई."

तो सबंध हिवाळा आम्ही दोघं त्या खिडक्यांमागे होतो. काचा काढल्या. ट्रॅकमधली कुजलेली वेलवेट पट्टी खरवडली, तिच्याखालची माती, गांधीलमाश्यांची घरं काढली. चौकटी सोडवल्या, खाली नवं सिलिकॉन भरलं, पुन्हा कसल्या. म्हणजे तो हे सगळं करायचा. मी काच धरायचो आणि जगाबद्दल मतं द्यायचो. तो सिलिकॉनची गन दाबत "हो ना" म्हणायचा. निवृत्तीनंतरचे माझे तेवढेच दिवस असे गेले की पुस्तक उघडावंसं वाटलं नाही.

मग काय झालं? मग लाँचच्या उद्घाटनाचा आणि वासुदेवच्या सत्काराचा समारंभ आला.

समारंभांवर माझा जुना राग. आयुष्यभर त्यांचीच भाकरी खाल्ली म्हणून असेल. इथे तर सगळंच होतं: मुख्य पाहुणे, मंडप, बँड, शाल-श्रीफळ. त्यातून संघाच्या सचिवांनी मोबाइलवर कुठल्याशा विमानतळावर विमानाला पाण्याच्या कमानीची सलामी देतात तो व्हिडिओ पाहिला होता. त्यांनी ठरवलं, काठावर दोन आगीचे बंब उभे करायचे आणि लाँचवर पाण्याची कमान धरायची. जी वस्तू आधीच पाण्यात उभी आहे, तिच्यावर पुन्हा पाणी उडवून तिचा सन्मान करायचा! मी घरी येऊन बायकोला सांगितलं तेव्हा आम्ही दोघं खूप हसलो. कार्यक्रमाची रूपरेषा मात्र मीच टाइप करून दिली. अध्यक्षांचं भाषणही मीच लिहिलं.

म्हणजे कमानीचं मला माहीत होतं. हेही लिहून ठेवतो.

समारंभ तोंडावर आला आणि वासुदेवला साळ्याच्या मुलीच्या लग्नाला तुमसरला जावं लागलं. सिलिकॉन पुरतं वाळलं नव्हतं, म्हणून शेवटची तपासणी त्याने माझ्यावर सोपवली: दोन दिवसांनी खिडक्यांवर पाइपने पाणी मारायचं आणि आत गळतं का बघायचं. बस्स, एवढंच. इतक्या महिन्यांत त्याने माझ्या भरवशावर टाकलेलं हे एकच काम.

भर दुपारी मी एकटा गेलो. काठावरच्या पंपाला पाइप लावला, एकेका खिडकीवर धार धरली, आणि आत जाऊन बघितलं.

आत पाणी होतं.

चौकटीखालून आलेलं नव्हतं. तिथलं त्याचं काम चोख होतं. पाणी ट्रॅकमध्ये काठोकाठ साठलं होतं आणि काठावरून आत, बाकांवर, सांडत होतं. मी बाहेर येऊन ट्रॅकच्या खालच्या अंगाने बोट फिरवलं, तेव्हा कळलं. सरकत्या खिडकीच्या ट्रॅकमध्ये थोडं पाणी जाणारच. ते परत बाहेर निघून जावं म्हणून खाली बारीक भोकं ठेवलेली असतात. ती सगळी बुजवलेली होती. एकसारखी, वरून बोट फिरवून गुळगुळीत केलेली. वासुदेवचा जन्म भट्टीच्या दारांच्या फटी बुजवण्यात गेला. जिथून धूर दिसेल ती जागा बंद करायची, हीच त्याची नोकरी. इथेही त्याला भोकं दिसली आणि त्याने ती भरली. तुमसरच्या गाडीला निघण्याआधी घाईघाईत, राहिलेलं काम म्हणून भरली असणार.

पेचकस, म्हणजे स्क्रू-ड्रायव्हर, माझ्या खिशात होता. ती भोकं मोकळी करायला कितीसा वेळ लागला असता? एका चहाचा?

मी पेचकस काढला नाही. गमछ्याने ट्रॅक कोरडा केला. बाकं पुसली. पाइप गुंडाळून जागेवर ठेवला — नीट, वेटोळं घालून. संध्याकाळी तुमसरहून त्याचा फोन आला. मागे बँड वाजत होता.

"मास्तर, पानी मारलं का?"

"मारलं."

"मंग?"

"एक थेंब नाही."

"पाहा बरं. काही असंन तं सांगजा. मी लगीन सोडून येतो."

मी त्याला निवांत नाचायला सांगितलं.

पुढचा भाग तो, जो मी जेवणावळीत सांगतो. समारंभाच्या सकाळी, वासुदेव तुमसरहून परतलेला, लाँचला झेंडूच्या माळा. अध्यक्षांचं भाषण. वासुदेवच्या खांद्यावर शाल. मग मुख्य पाहुणे केबिनमध्ये पुढच्या बाकावर बसले, शेजारी वासुदेव आणि नवी साडी नेसलेल्या सुशीलावहिनी, त्याची बायको. बंब सुरू झाले. कमान छान झाली, इंद्रधनुष्यसुद्धा दिसलं. मग दोन्हीकडच्या खिडक्यांतून, भरलेलं ताट कलंडावं तसं, पाणी आत सांडायला लागलं. पाहुण्यांचा पांढरा कुर्ता अंगाला चिकटला. ते बाहेर येऊन म्हणाले, "अरे भाई, इस नाव में बारिश अंदर होती है क्या?" आणि सगळा मंडप हसला. वासुदेव घाईने उठला. त्याने खांद्यावरची शाल काढली आणि खाली वाकून बाक पुसायला लागला.

'ज्या शालीने सत्कार, त्याच शालीने पोछा.' गोष्टीत सगळ्यात मोठं हसू या वाक्याला येतं. वाक्य माझं आहे.

आता, का केलं? इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आलो की मला त्या थाटामाटाची खोड मोडायची होती. पाहुण्यांच्या इस्त्रीवर चार थेंब पडावेत, सचिवांची कमान त्यांच्याच गळ्यात यावी. एका वाचणाऱ्या माणसाचा खोडकरपणा. ऐकायला बरं वाटतं, नाही? पण त्या बाकावर वासुदेव बसणार होता, वहिनी बसणार होत्या, आणि ते मला ठाऊक होतं. मग?

मग खरं सांगतो. अध्यक्षांच्या भाषणात मी वासुदेववर सबंध परिच्छेद लिहिला होता. त्याचे हात, त्याची चिकाटी, सगळं. स्वतःचं नाव मी घातलं नव्हतं; ते कसं घालणार? मी वाट बघत होतो की अध्यक्ष मसुदा वाचून म्हणतील, अरे, तुम्हीही तर हिवाळाभर तिथे होतात, तुमचंही नाव घाला. त्यांनी मसुदा वाचला, "बहुत बढ़िया" म्हणाले आणि घडी घालून खिशात ठेवला. पाण्याचा पाइप हातात धरला त्याच्या आदल्या दिवशीची ही गोष्ट.

मला शाल हवी होती. जन्मभर मी ज्या शालींची टिंगल केली, त्यातली एक मला हवी होती — आणि ती मला मिळणार नव्हती, म्हणून त्यालाही मिळू नये असं वाटलं.

किल्ली वासुदेवला मिळाली नाही. संघाने लाँच त्याच दिवशी कुलूप लावून काठावर ओढून ठेवली आणि पुढे ती भंगारात गेली. पण हे एवढ्यावर थांबलं असतं तर मी कदाचित लिहायला बसलोच नसतो. पाणी मारलं तेव्हा थेंब नाही आणि समारंभात धारा — हे वासुदेवला सुटेना. त्याने माझ्यावर एकदाही शंका घेतली नाही. विचार करकरून त्याने ठरवलं की सकाळी माळा बांधताना आपणच खिडकी जोरात सरकवली, सिलिकॉन उखडलं. "माह्याच हातानं बिघडलं, मास्तर. हात गेला माहा." तेव्हापासून त्याने कुठलं यंत्र उघडलं नाही. लोक कूलर घेऊन यायचे, तो त्यांना दुकानाचा पत्ता द्यायचा. घरच्या नळाचा वॉशर बदलायलासुद्धा माणूस बोलावतो.

एकदा वहिनी मला म्हणाल्या, "भावजी, यायले समजवा ना. दिवसभर भिंतीकडं पाहत बसून राह्यते."

आणि मी गेलो. समजावलं. वय झालं की असं होतं, म्हणालो. एवढं मनाला लावून घेऊ नये, म्हणालो. पेपरमधला एक लेखही वाचून दाखवला. तो ऐकत होता, मान हलवत होता. त्यानंतरच्या कोजागिरीला त्याच्यासमोर मी लाँचची गोष्ट सांगितली, शालीच्या वाक्यासकट. तोही हसला. शेजारच्याला म्हणाला, मास्तर मस्त सांगते.

यंदा माझ्या घरच्या लाकडी खिडक्या सडल्या म्हणून अॅल्युमिनियमच्या सरकत्या बसवून घेतल्या. काम चालू असताना वासुदेव चहाला आला होता. बसवणारा पोरगेलासा माणूस ट्रॅक आडवा ठेवून ड्रिलने खाली भोकं पाडत होता. वासुदेव कप ठेवून उठला आणि त्याच्याजवळ जाऊन वाकला. ही भोकं कशाला, असं त्याने हिंदीत विचारलं. पाणी बाहेर जायला, अंकल, तो म्हणाला. नाही तर सगळं घरात येईल.

वासुदेवने ट्रॅकच्या खालून बोट फिरवलं. अगदी मी फिरवलं होतं तसं.

"मास्तर," तो म्हणाला, "लाँचीची भोकं मी बुजवली होती."

मी माझा कप खाली ठेवला.

"पन तुमी पानी मारलं, तवा कावून नाई आलं?"

इतकी वर्षं मी या प्रश्नाला घाबरत होतो असं म्हणणं खोटं होईल. मी या प्रश्नाची वाट बघत होतो. तो विचारला गेला की सांगून टाकायचं, असं मी कितीदा ठरवलं होतं. विचारल्याशिवाय आपण होऊन सांगणं अवघड असतं, पण विचारल्यावर? विचारल्यावर तर उत्तर द्यायचं असतं.

"पंपाला जोर नव्हता," मी म्हणालो.

त्याने त्यावर विचार केला. चेहऱ्यावरचं काहीतरी हळूहळू सैल होत गेलेलं मला दिसलं.

"असंन," तो म्हणाला. "म्हनजे हात चांगला होता माहा. डोकं चाललं नाई, एवढंच." मग माझ्याकडे बघून त्याला काय वाटलं कोण जाणे, जवळ येऊन माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तुमी कावून तोंड पाडून बसले? तुमाले काय ठाव असनार, बाप्पा. तुमी पुस्तकवाले मानूस."

मी त्याचा हात खांद्यावर तसाच राहू दिला.

पंपाला भरपूर जोर होता.