दुसऱ्या मजल्यावरचे राजेसाहेब

किस्से काही कोणी मुद्दाम जमवत नाही. आमच्या अपार्टमेंटला जिना एकच, माझं दार जिन्याच्या बरोब्बर समोर, आणि दार उघडं टाकून भाजी निवडायची मला सवय. मग काय होणार! लोक म्हणतात, गजभियेबाई भोचक आहे. अहो, मी कुठे बघायला जाते? माणसंच माझ्यासमोरून जातात!

भिशीच्या बायकांना सांगून सांगून हे किस्से माझे पाठ झालेत. त्यातलीच एक परवा म्हणाली, "आता लिहून काढ वं, नाही तं दर भिशीले तू एक नवीन जोडून राहिली." म्हणून लिहिते. दहावीपर्यंतच शिकलेय, सांभाळून घ्या. पण जोडलेला एकही नाही.

सगळे किस्से राजेसाहेबांचे. ते दुसऱ्या मजल्यावर राहतात, आमच्या बरोबर डोक्यावर. खरेखुरे राजपुत्र! दूर उत्तरेला डोंगरात त्यांचं लहानसं राज्य होतं. हे लहान असतानाच तिथली गादी गेली आणि अख्ख्या घराण्याला अंगावरच्या कपड्यांनिशी निघावं लागलं. आता साठी उलटली त्यांची. राज्याचं नाव मी लिहीत नाही. त्यांनीच बजावलंय, "नाव लिहिलं की लोक नकाशात शोधतात, वहिनी. ते सापडत नाही. मग माझ्याकडे बघतात."

*

आई वारल्यावर त्यांनी मोठं भाड्याचं घर सोडलं आणि आमच्याकडे आले. राजपुत्र हत्तीवरून आले हे खरं, पण छोट्या हत्तीवरून! आमच्याकडे त्या लहान टेम्पोला छोटा हत्तीच म्हणतात.

सामान काय, तर एक लोखंडी पलंग, दोन पेट्या, गॅसची शेगडी आणि कापडात गुंडाळलेला आईचा फोटो. आमचे सेक्रेटरी ठवकरकाका खाली उभेच होते. ते टेम्पोत वाकून बघत म्हणाले, "बस, इतकंच? सिंहासन-गिंहासन नाही का जी?"

"आहे ना. तिकडे म्युझियममध्ये ठेवलंय. तिकीट काढून बघता येतं."

"मंग एकदा जाऊन बघून या ना जी!"

"तिकीट स्वस्तच आहे, काका. व्हिसा देत नाहीत."

ठवकरकाकांनी आजवर कोणाची पिशवीसुद्धा उचललेली मी पाहिली नव्हती. त्या दिवशी त्यांनी एक पेटी स्वतः वर नेली.

*

मी एकदा विचारलंच. म्हटलं, राजेसाहेब, लोक राज्य गेलं की लंडनला जातात, निदान दिल्लीला तरी राहतात. तुम्ही नागपूरच कसं काय निवडलं?

ते म्हणाले, वडिलांसमोर एका सरकारी साहेबानं भारताचा नकाशा पसरला आणि सांगितलं, कुठे राहायचं ते ठरवा. वडिलांनी बराच वेळ बोट फिरवलं आणि मधोमध आणून टेकवलं. "सगळ्या सरहद्दींपासून लांब असलेलं गाव पाहिजे, म्हणाले. सरहद्द जवळ असली की माणूस रोज तिकडे तोंड करून बसतो."

मी म्हटलं, मग? फायदा झाला का?

"वडील रोज गच्चीवर जाऊन उत्तरेकडे तोंड करून बसायचे," राजेसाहेब म्हणाले. "दिसायची फक्त पाण्याची टाकी."

*

आमच्या सासूबाईंना राजा-बिजा काही कळत नाही. आम्ही दीक्षाभूमीची माणसं. त्यांच्या लेखी सगळ्यात मोठी वस्तू म्हणजे मतदान कार्ड. पांढऱ्या साडीच्या घडीत ठेवतात. राजेसाहेब पहिल्यांदा आमच्याकडे आले, तर मी उगाचच डोक्यावर पदर घेतला. सासूबाई ओरडल्या, "काहून वं, काय झालं? कोन हाय हा?"

"आई, राजे आहेत हे."

"राजा आता पेटीतून निघते. मतं टाकली का निघते. का रे बाबू, तुयं मतदान कार्ड हाय का?"

"नाही, आई. मी इथला नागरिक नाही."

"मंग तिथलं असन."

"तिथलंही नाही. तिथून नाव काढलं."

सासूबाईंनी त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. "म्हंजे राजाबी नाही अन् वोटरबी नाही? अरे, मंग तं तू आमच्याहून गरीब झाला रे!" आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बघत काय उभी राह्यली? ताट वाढ त्याले."

राजेसाहेब इतके हसले, इतके हसले की डोळे पुसायला त्यांना रुमाल काढावा लागला. हसूनच पुसत होते. मला तरी तसंच वाटलं.

*

ठवकरकाकांच्या मुलीचं लग्न. पंगत बसली. राजेसाहेब पहिल्या पंगतीला बसले ते उठेचनात! पंगत उठली, दुसरी बसली, हे आपले तिथेच. वाढपी आला की दोन घास घ्यायचे. तिसरी पंगत बसली तेव्हा नवरदेवाकडचा एक पाहुणा मोठ्यानं म्हणाला, "हे कोनाकडचे आहेत गा? सकाळपासून जेवूनच राहिले!"

शेवटी वाढपीच हात जोडून उभा राहिला. "मालक, जिलबी खतम झाली. आता तरी उठा!"

जिन्यात मी त्यांना गाठलं. म्हटलं, पोट बरं आहे ना? तर बिचारे ओशाळले. म्हणाले, "आमच्यात एक रीत आहे, वहिनी. घराण्यातला माणूस पानावरून उठला की बाकीच्यांनीही उठायचं. समोर लहान मुलं जेवत होती. मी उठलो असतो तर ती उपाशी राहिली असती."

"अहो, इथे कोण उठणार होतं!"

"ते ठाऊक आहे मला. पण पाय उचलत नाहीत."

मी हसले. मग सहज विचारलं, आणि घरी हो? घरी कसं करता?

"घरी पटकन उठतो," ते म्हणाले. "तिथे कोणाचं अडत नाही."

*

त्यांचे मोठे भाऊ राजे. गादी गेली तरी घराण्यात राजा असतोच म्हणे. ते लांब कुठल्या तरी थंड देशात एका लॉण्ड्रीच्या वर दोन खोल्यांत राहायचे. दर रविवारी दुपारी त्यांचा फोन यायचा. आणि आमच्या अपार्टमेंटमध्ये रेंज फक्त गच्चीवर!

मे महिन्यातली गोष्ट. मी कुरडया उलटवायला गच्चीवर गेले, तर हे भर उन्हात अनवाणी उभे. तापलेल्या स्लॅबवर! एक पाय उचलायचा, दुसरा टेकवायचा, आणि कानाला फोन. फोन संपेपर्यंत मी तिथेच थांबले.

"अहो, चप्पल घाला की! राजासमोर घालायची नसेल, पण त्यांना फोनमध्ये काय दिसतंय?"

"त्यांना नाही दिसत, वहिनी. मला दिसतं."

मी विचारलं, एवढं काय बोलता? म्हणाले, दादा राज्याची खबर विचारतात. राज्याची खबर इथे कुठून आणणार? म्हणून ते नागपूरची सांगतात. काटोलचा संत्रा बाजारात आला, नळाला पाणी कमी येतं, ठवकरकाकांच्या मुलीला मुलगा झाला. राजे सगळं ऐकून घेतात आणि शेवटी म्हणतात, "प्रजा सुखी आहे तर!"

मला हसू आलं. पण ते हसले नाहीत. म्हणाले, "जमीन गेली, वहिनी. माणसं दोन देशांत वाटली गेली. आता आमचा देश फक्त दादांपुरता आहे. राजा आहे तोवर देश आहे. राजा नाही, की संपलं."

*

यंदा होळीनंतर राजे गेले. लॉण्ड्रीवाल्यानं फोन करून कळवलं.

मी डबा घेऊन वर गेले. डबा उघडून त्यांच्यासमोर ठेवला. मग माझ्याच्यानं राहवेना. विचारलं, "मग आता राजे तुम्हीच ना?"

"अजून नाही."

त्यांच्यात मुकुट-बिकुट नसतो. जुना राजा गेला की अमावस्येच्या आत कोणीतरी आपणहून यायचं आणि तक्रार मांडायची. ती ज्यानं ऐकून निवाडा दिला तो राजा. त्यांचे आजोबा गेले तेव्हा वडील कोपऱ्यात बसून रडत होते. एक म्हातारी आली आणि म्हणाली, शेजारणीच्या बकरीनं माझी मोहरी खाल्ली. वडिलांनी डोळे पुसले आणि विचारलं, किती खाल्ली?

"ती येईपर्यंत ते नुसते मुलगा होते," राजेसाहेब म्हणाले.

"मग बोलवा की कोणाला तरी!"

"बोलावलं की तक्रार राहत नाही, वहिनी. नाटक होतं."

"आणि अमावस्येपर्यंत कोणी आलंच नाही तर?"

त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "तर दादा शेवटचे."

दुसऱ्या दिवसापासून त्यांचं दार उघडं राहायला लागलं. सकाळी धुतलेला कुर्ता घालून ते पलंगाच्या काठावर बसायचे. येणारे-जाणारे "नमस्कार राजेसाहेब" म्हणून पुढे जायचे.

आता बघा! आमच्या अपार्टमेंटमध्ये तक्रारींना तोटा आहे का? पार्किंग, कचरा, वरच्यांची पोरं, खालच्यांचा कुत्रा! पण राजेसाहेबांपर्यंत एक तक्रार जाईल तर शपथ. मी ठवकरकाकांना आडून विचारलं, राजेसाहेबांचा तुम्हाला काही त्रास? ते कानाला हात लावत म्हणाले, "छे छे! इतका सज्जन माणूस. आपली काहीच तक्रार नाही!" वरच्या मजल्यावर विचारलं, तिथेही तेच. दूधवाल्याला विचारलं. तो म्हणाला, "भगवान आदमी हैं!"

सज्जनपणानंच घात केला होता त्यांचा! मी स्वतः रात्रंदिवस आठवत बसले. एक भांडण आठवेल तर शपथ. आणि खोटं सांगायचं तर ते नाटक.

अमावस्या उद्यावर आली.

त्या दुपारी मी जरा आडवी झाले होते. माझं माहेर भिवापूरचं. वर्षभराच्या तिखटाची मिरची भावानं पाठवली होती आणि मी ती बाल्कनीत वाळत घातली होती. सासूबाईंची हाक आली, "अवं ये! तुया मिरचीचा गाळ झाला बघ!"

बघते तर काय, वरून पाण्याची धार! राजेसाहेबांनी त्याच दिवशी कूलर काढून खिडकीत बसवला होता. टाकी गळत होती. सगळी मिरची ओलीचिंब, लाल पाणी पार खालच्या स्कूटरवर! माझं डोकंच फिरलं.

"जाय, भांड त्याच्याशी!" सासूबाई म्हणाल्या.

सांगावं कशाला लागतं? तरातरा जिना चढले आणि दारातूनच सुरू झाले. "काय हो राजेसाहेब! कूलर लावायच्या आधी खाली वाकून बघायचं नाही का? वर्षाची मिरची होती माझी! माहेरची! आता वर्षभर तुमच्या तोंडाकडे बघून भाजी करू का मी?"

राजेसाहेब दचकून उभे राहिले. मग हळूच खाली बसले. अगदी ताठ. दोन्ही हात गुडघ्यांवर.

"किती भिजली?" त्यांनी विचारलं.

आवाज वेगळाच होता. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी म्हटलं, "सगळी."

"कूलर कोणाचा?"

"तुमचा."

ते उठले, माझ्या शेजारी येऊन उभे राहिले आणि समोरच्या रिकाम्या पलंगाला म्हणाले, "चूक माझी आहे." मग परत जाऊन बसले. थोडा विचार केला.

"मिरची भरून द्यावी. आणि कूलर या खिडकीतून हद्दपार."

मी मान हलवली.

ते माझ्या खांद्यावरून दाराकडे बघत म्हणाले, "पुढचा कोण?"

मी मागे वळून बघितलं. जिन्यात कोणीच नव्हतं. खाली कोणाचा तरी कुकर वाजत होता, तेवढाच आवाज.

मी बाहेर गेले. दार ओढून घेतलं. पदर नीट केला, दार ढकललं आणि आत आले.

"मीच आहे," म्हटलं. "नळाच्या पाण्याबद्दल बोलायचं होतं."