नव्या इमारतीतली पहिली तक्रार

हा किस्सा मी आजवर निदान पन्नास ठिकाणी सांगितला असेल. लग्नाच्या पंगतीत, सोसायटीच्या गच्चीवर, एकदा तर तेराव्याच्या जेवणाला. तेराव्यालासुद्धा लोक हसले. पण मी तो नेहमी टाळ्यांपाशी थांबवतो. टाळ्यांनंतर काय झालं ते बायकोलाही सांगितलेलं नाही. आज लिहितो आहे, कारण कागद हसत नाही, त्यामुळे मध्येच थांबायचा मोह होणार नाही.

ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या पट्ट्यातलं एक शहर. कुठलं ते सांगत नाही, मला अजून इथंच राहायचं आहे. तिथलं पोलिसांचं मुख्य कार्यालय भर बाजारात, भाजी मंडईच्या पाठीमागे होतं. वरच्या मजल्याला लोखंडी टेकू लावलेले, कपाटांवर बारमाही ताडपत्री. ते पाडायचं ठरलं आणि महामार्गाच्या बाजूला चार मजली नवी इमारत उभी राहिली. लिफ्ट, काचेचे दरवाजे, टोकन देणारं यंत्र आणि आत शिरल्याशिरल्या तक्रारींचा लांबलचक काउंटर.

तिथला एक अधिकारी माझा जुना मित्र. कॉलेजात असताना आम्ही दोघं हौशी नाटकांत कामं करायचो. तो पुढे पोलीस झाला, मी बँकेत गेलो, पण नाटक मी सोडलं नाही. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी त्याचा फोन आला.

"अरे, उद्या अकरा वाजता ये रे. तक्रारदार व्हायचंय तुला."

"माझं काय चोरीला गेलंय?"

"पाकीट. पाहुणे फीत कापून आत येणार, सरळ काउंटरवर थांबणार. तेव्हा तिथं कुणीतरी तक्रार देत असायला नको का? रिकामा काउंटर कसा दाखवू? पाच मिनिटांचं काम आहे. नंतर नोंद पुसून टाकू."

आता मला कुणी भूमिका देऊ केली आणि मी नाही म्हटलं, असं कधी झालेलं नाही. मी रात्रभर पाकिटाची तयारी केली. पाकिटात काय करुण असतं हो? मी शेवटी त्यात आईचा फोटो घातला.

सकाळी साडेनऊलाच पोचलो. रांगोळी, झेंडूची तोरणं, इस्त्रीचे गणवेश. काउंटरसमोरच्या नव्या बाकावर एक मावशी बसलेल्या. सत्तरीच्या आसपास, साधं सुती लुगडं, हातात प्लास्टिकची पिशवी. मी शेजारी बसलो आणि सवयीप्रमाणे गप्पा सुरू केल्या.

त्यांचे यजमान पहाटेपासून बेपत्ता होते. दोन वर्षांपासून विसरायला लागले होते. सकाळी मावशी नळावर गेल्या आणि परत येतात तर घर उघडं. अर्धा प्यालेला चहा स्टोव्हजवळ, आणि वळणावरच्या दुकानदाराने सांगितलं, की उलटा शर्ट घालून गेले, शिवण बाहेर.

"मी आधी जुन्या चौकीत गेलेले," त्या म्हणाल्या. "तिथं टेम्पोत कपाटं भरत होते. हमाल म्हणाला, मावशी, पोलीस गेले हायवेवर. इथं आले तर हे म्हणतात, कार्यक्रम झाल्यावर."

"कुठं जाऊ शकतात, काही अंदाज?"

"मोहन्याला. तीस वर्षं तिथल्या कारखान्यात होते. कारखाना कधीचा बंद झाला, पण मध्येच उठून म्हणतात, पाळीला जायचंय."

मी मान हलवली. मी उत्तम मान हलवतो. समोरच्या माणसाला वाटतं, आपलं दुःख याच्या काळजात उतरलं. प्रत्यक्षात मी त्या वेळी उलट्या शर्टाकडे बघत होतो, जसा सोनार दुसऱ्याच्या गळ्यातल्या साखळीकडे बघतो.

मित्र घाईघाईने आला. मी त्याला म्हणालो, "अरे, खरी तक्रारदार इथंच बसलीय की. त्यांनाच उभं कर ना."

"खरा माणूस काय बोलेल याचा भरवसा नसतो," तो म्हणाला. "तू चल."

एवढं म्हटलं याचं मला बरेच दिवस समाधान होतं. पण खरं सांगायचं तर त्याने ऐकलं असतं, तर मला वाईट वाटलं असतं.

अकरा वाजता फीत कापली गेली. पाहुणे, त्यांच्यामागे मोठे साहेब, त्यांच्यामागे कॅमेरे. काउंटरवरच्या महिला शिपायाने विचारलं, "बोला, काय झालं?" आणि मी तोंड उघडलं तेव्हा पाकीट कुठल्या कुठे गेलं होतं.

"मॅडम, माझे वडील सापडत नाहीत."

अर्धा चहा सांगितला. उलटा शर्ट सांगितला, आणि शिवणीपाशी आवाज फोडला. "उलटा शर्ट घालून निघाले तरी मला कळलं नाही, मॅडम. मी कसला मुलगा." हे वाक्य माझं स्वतःचं. कॅमेरे जवळ आले. पाहुण्यांनी खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "आमची माणसं शोधतील. तुम्ही शांत व्हा." शिपाईबाई भराभरा टाइप करत होती. तिने नंबर विचारला, ऐन वेळी खोटा सुचेना, मी माझाच दिला. मोहन्याचा उल्लेख मी केला नाही. विसरलो नव्हतो. शर्टानंतर कारखाना आला असता, तर प्रसंग उतरला असता.

टाळ्या झाल्या. पोलीस ठाण्यात तक्रारीला टाळ्या पडलेला मी पहिलाच. पन्नास ठिकाणी मी इथं थांबलो आहे.

बाहेर पडताना मावशी माझ्याकडे बघत होत्या. मी त्यांची नजर टाळली आणि मोबाइल वाजू नये म्हणून आवाज बंद केला होता, तो तसाच ठेवून डोंबिवलीला नाटकाच्या मंडळींबरोबर जेवायला गेलो. तिथं हा प्रयोग पहिल्यांदा सांगितला. ताटं वाळली तरी कुणी उठेना. साडेचारला फोन बघितला, तर एकाच अनोळखी नंबरचे अकरा कॉल. मी परत लावला.

"तुमचे वडील इथं मोहन्याच्या चौकीत बसलेत," पलीकडचा हवालदार वैतागला होता. "दुपारी एकपासून लावतोय. वडील हरवलेत आणि फोन उचलत नाही, कमाल आहे तुमची."

माझे वडील जाऊन बारा वर्षं झाली. क्षणभर मला वाटलं, मंडळींपैकीच कुणीतरी आवाज काढतोय. मग त्याने सांगितलं, की बंद गेटच्या रखवालदाराने आणून सोडलं, शर्ट उलटा आहे, नाव सांगत नाहीत, वर्णन जुळलं म्हणून फोन केला.

मी रिक्षाने नव्या इमारतीत गेलो. मावशी त्याच बाकावर होत्या. कार्यक्रम संपल्यावर त्या काउंटरवर गेल्या होत्या. शिपाईबाई त्याच दिवशी दुसऱ्या चौकीतून बदलून आलेली, नाटकाचं तिला कुणी सांगितलंच नव्हतं. तिने त्यांची दोन वाक्यं ऐकली आणि म्हणाली, "आजी, ही तक्रार मगाशीच घेतली. तुमच्या मुलाने दिलीय. फोन येईल, बसा." मावशींना मुलगा नाही. त्यांनी तसं सांगितलंही. शिपाईबाईला वाटलं, रागावल्यात बिचाऱ्या.

"सापडले," मी म्हणालो. "एक वाजल्यापासून मोहन्याच्या चौकीत आहेत. बरे आहेत."

त्यांनी पिशवी छातीशी धरली आणि उभ्या राहिल्या. रिक्षात बसल्यावर म्हणाल्या, "दादा, तुम्ही फार चांगलं सांगितलंत. मला नसतं जमलं. म्हटलं, देवमाणूस, आपल्यासाठी बोलतोय. मुलगा म्हणून सांगितलं म्हणजे लवकर ऐकतील, म्हणून तसं म्हणाला असेल." थोड्या वेळाने म्हणाल्या, "फक्त मोहने का नाही सांगितलंत?"

मी आयुष्यात कुठल्याही वाक्यावर अडलेलो नाही. रिक्षावाला आरशातून बघत होता.

"मावशी, ते नाटक होतं," मी म्हणालो. "मला पाकिटाचं बोलायचं होतं. तुमचं ऐकलं आणि तेच बोललो. तुमच्यासाठी नाही बोललो."

त्या बाहेर बघायला लागल्या. मी आणखी काही म्हणालो, काय ते आठवत नाही. त्यांनी मध्येच विचारलं, "एक वाजल्यापासून बसलेत ना ते? काही खाल्लं असेल का?"

आजोबांनी काही खाल्लं नव्हतं. चौकीतल्यांनी वडापाव दिला होता, तो मांडीवर तसाच कागदात होता. मावशी त्यांच्यासमोर बसल्या, पिशवीतून डबा काढला. आजोबांनी माझ्याकडे बोट केलं. "हा कोण?"

"हे नाटकात असतात," मावशी म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता. बाहेरच्या माणसाबद्दल सांगावं, तसं सांगितलं.

तेवढ्यात मित्राचा फोन आला. आनंदाने त्याचा आवाज चिरकत होता. नव्या इमारतीतली पहिली तक्रार सहा तासांत निकाली, मोठे साहेब खूश, उद्या बातमी. मी त्याला खरं काय ते सांगितलं. तो खालच्या आवाजात म्हणाला, "आता ती खोटी होती असं लिहायचं, तर बाईंना परत इथं यावं लागेल, नवी तक्रार, सगळ्यांचे जबाब. म्हाताऱ्यालाही बसवावं लागेल. बघ तू. नाहीतर हवालदाराकडे पावती आहे, सही कर आणि सोड त्यांना."

मी मावशींना विचारलं. मला वाटतं, मी विचारलं ते त्यांनी मला सोडवावं म्हणूनच.

"करा सही," त्या त्यांना घास भरवत म्हणाल्या. "यांना घरी जाऊ द्या."

हवालदाराने कागद पुढे सरकवला. ताब्यात घेणाऱ्याचं नाव, सही, आणि खाली एक रकाना, हरवलेल्या व्यक्तीशी नातं. मावशींचं नाव त्या कागदावर कुठेच येणार नव्हतं. दिवसभर बाकावर बसलेल्या बाईचं, जिला मोहने माहीत होतं, तिचं. हवालदाराने पेन टेबलावर ठोकलं. "लिहा की, साहेब. मुलगा."

मी लिहिलं. माझं अक्षर चांगलं आहे.