चुड्याची रजा

कंपनीच्या बसमध्ये किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते आपोआप साचतात. पिंपरीहून निघायचं, भोसरी-मोशी करत चाकण गाठायचं आणि शिफ्ट संपली की त्याच रस्त्याने परत. मध्ये जॅम असतोच. मोबाईलची बॅटरी संपते, पण बोलणं काही संपत नाही. त्यात बसमधल्या एखादीचं लग्न ठरलं की बघायलाच नको. या वर्षी ती एखादी म्हणजे मी होते.

मी गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटीला आहे. लाइनवरून आलेला पार्ट गेजमध्ये बसतो की नाही ते बघायचं. बसला तर पुढे, नाही तर लाल पेटीत. माझं हे काम मला येतं आणि आवडतं. लग्नानंतरही ते करायचं होतं, यामागे याहून मोठं कारण काही नव्हतं.

आमच्या बसमध्ये सीटवर नाव नसतं, पण मालकी असते. ड्रायव्हर नानांच्या मागची खिडकी माझी. माझ्याआधी तिथे बसणाऱ्या दोघीही लग्नाला जाताना "येतेच महिन्याभरात" असं सांगून गेल्या होत्या. दोघीही परत आल्या नाहीत. शीलाताई बसमधल्या सगळ्यात जुन्या, त्यांनी दोघींनाही पाहिलेलं. माझं ठरलं तेव्हा पेढा तोंडात टाकत त्या म्हणाल्या, "लग्नात नोकरी जात नाही गं. चुड्यात जाते."

म्हणजे असं, की लाइनवर काच चालत नाही. मंगळसूत्र कॉलरच्या आत टाकता येतं, हातभर हिरव्या बांगड्या कुठे टाकणार? सासरचे म्हणतात, राहू दे की चुडा अजून थोडे दिवस, नवी नवरी आहे. मग रजा वाढते, वाढलेली रजा बिनपगारी होते आणि एक दिवस सीटवर दुसरीचा डबा दिसतो. याला बसमध्ये नावच पडलं होतं, चुड्याची रजा.

मी तेव्हा हसले होते.

* * *

नानांबद्दल सांगायला हवं. नाना कुणासाठी थांबत नाहीत. एकदा एचआरचे साहेब गाडी बंद पडली म्हणून आमच्या बसमागे हात हलवत पळत होते. नानांनी आरशात नीट बघितलं आणि गिअर टाकला. साहेबांनी दुसऱ्या दिवशी केबिनमध्ये बोलावून विचारलं, तर नाना म्हणाले, "बस तुमची हाय साहेब. टाइम माझा हाय."

त्यानंतर कधी बसने यायचं असलं की साहेब स्टॉपवर सगळ्यांच्या आधी येऊन उभे राहायला लागले.

* * *

योगेश मला बघायला आला तो रविवार. आमचं घर पिंपरीत, दीड खोलीचं. बाबा लातूरकडून आले ते वर्कशॉपमध्ये लेथवर लागले, ते अजून लेथवरच आहेत. योगेशकडचे मोशीचे जुने शेतकरी. जमिनीवर आता बिल्डिंगा उभ्या आहेत आणि मुलगा चाकणला दुसऱ्या कंपनीत मेंटेनन्सला. सोबत त्याची आई आणि आत्या होत्या.

पोहे आले. डोक्यावरचा पंखा तेवढा कटकट करत होता. योगेशने वर बघितलं आणि आमच्या घरात पहिलं वाक्य बोलला, "बेअरिंग गेलंय वाटतं."

मी मान खाली घालून बसायचं असं आईने बजावलं होतं. पण चूक कानावर आली की मला राहवत नाही. मी म्हणाले, "बेअरिंग नाही. हुकातलं रबर गेलंय."

तो म्हणाला बेअरिंग, मी म्हणाले रबर. शेवटी तो स्टुलावर चढला. रबरच गेलं होतं. बाबांनी जुन्या ट्यूबचा तुकडा कापून दिला, त्याने तो बसवला, मी बटण दाबलं. आई दारातून सारखी म्हणत होती, चहा गार व्हायलाय. पाहुणे गेल्यावर बाबा पंख्याकडे बघत बसले आणि म्हणाले, "पोरगं कसं काय ते कळंल पुढं. पंखा चांगला झाला बघ."

त्या दिवशी आत्यांनी मला सरळच विचारलं होतं, की लग्नानंतर कंपनी सोडणार ना. मी नाही म्हणाले आणि खोलीतली हवा जरा जड झाली. योगेश म्हणाला त्याची काही हरकत नाही, पण आत्यांच्या पुढे त्याचा आवाज फार लांब जात नव्हता. उठताना त्याच्या आईने एकच विचारलं, "तुमची बस मोशीवरनं जाती का?"

जाते म्हणाले. तिने मान हलवली आणि चप्पल घातली.

* * *

अंगठीचं माप सोनाराने मागितलं. माझ्यासमोर दिवसभर मापं घ्यायचा व्हर्नियर असतो, मी दोऱ्याने कशाला मोजू? डब्याच्या सुट्टीत बोट मोजलं आणि मिलिमीटरमध्ये, दशांशासकट, योगेशला पाठवलं. सोनार म्हणाला, अंगठी करायची आहे की इंजिन?

साखरपुड्यात योगेश अंगठी घालायला लागला, तर ती पेरावर अडकली. मी बोटाचं मूळ मोजलं होतं, पेर मोजलंच नव्हतं! शिफ्टमध्ये कुणी असं माप घेतलं असतं तर मीच त्याला चार शब्द सुनावले असते. फोटोग्राफर "स्माइल, स्माइल" करत होता. योगेश घामाघूम. पाहुण्यांत कुणीतरी पुटपुटलं, लक्षण काही बरं नाही. माझा चेहरा पडला, कारण खोटं कशाला बोलू, मलाही क्षणभर तसंच वाटलं.

योगेशची आई उठली. समईतल्या तेलात बोट बुडवलं, माझ्या पेराला चोळलं आणि अंगठी सर्रकन आत गेली.

"तेल लावलं की समदं जातं," असं म्हणून ती परत आपल्या जागेवर जाऊन बसली.

* * *

चाकणच्या जॅमला शिव्या न देणारी माणसं शोधून सापडायची नाहीत. मी मात्र सहा महिने त्या जॅमचं भलं चिंतलं. माझी फर्स्ट शिफ्ट सुटायची तेव्हा योगेशची बस सेकंड शिफ्टला चाललेली असायची, मी इकडून आणि तो तिकडून. रस्ता मोकळा असला तर दोन्ही बस झूम करून जायच्या. चौकात जॅम असला की खिडकीला खिडकी लागायची आणि आम्हाला नीट बोलता यायचं. हॉल, आचारी, मानपान, आमच्या लग्नातलं निम्मं त्या चौकात ठरलं.

एकदा ट्रॅफिकवाल्याने कधी नव्हे तो चौक पटकन मोकळा केला. आमची बस सुटली. योगेशचं वाक्य अर्धंच राहिलं. शीलाताई खिडकीतून त्या हवालदारावर ओरडल्या, "अहो, काय घाई आहे तुम्हाला? पोरांचं लग्न ठरतंय इथं."

* * *

लग्न रविवारी. शनिवारी सकाळी काम समजावून द्यायला म्हणून मी शिफ्टला गेले. आदल्या संध्याकाळी मेंदी काढली होती, बोटांच्या टोकांपर्यंत भरून. गेटवर हजेरीच्या मशीनवर अंगठा ठेवला. मशीन लाल. दुसरं बोट ठेवलं, तरी लाल. मागे रांग लागली. सिक्युरिटीचे कदम काका वाकून माझे हात बघायला लागले आणि म्हणाले, "मशीन म्हणतंय, ही पोरगी आता आपली नाही."

सगळे हसले. मला हसू आलं नाही. चार वर्षं रोज मला ओळखणाऱ्या त्या डबड्याने असं करावं, याचा मला खरंच राग आला. एचआरमध्ये जाऊन हाताने हजेरी लावली. तिथला मुलगा चांगला, त्याने समजूत काढली. मेंदी गेली की परत अंगठा घेऊ म्हणाला, आणि मग हळूच जोडलं, "म्हणजे, आलात तर."

बसमध्ये नवी आलेली कोमल त्या दिवशी माझ्या शेजारी बसली होती. उतरताना तिने मला मिठी मारली, डोळ्यांत पाणी आणलं आणि विचारलं, "ताई, खिडकी मी घेऊ का?"

* * *

संध्याकाळी चुडा भरला. कासारीण माझ्या पेरांशी झगडून दमली. दोन्ही हात हिरवेगार झाले. दिसत सुंदर होते, हे मान्य करायलाच पाहिजे. मी आरशासमोर दोनदा जाऊन आले.

लग्न नीट पार पडलं. मांडवात नाव घ्यायचा आग्रह झाला. मी बसमध्ये तयार करून ठेवलेला उखाणा घेतला:

"चाकणच्या चौकात रोजचाच जाम,
योगेशरावांचं नाव घेते, पुढच्या सोमवारपासून काम."

माझ्या बाजूच्यांनी टाळ्या वाजवल्या. समोरून एकही टाळी आली नाही. आत्यांनी हातातल्या अक्षता परत ताटात ठेवल्या. सासूबाईंनी पदर सारखा केला आणि मला पाणी आणून दिलं.

* * *

आत्या लग्नानंतर मोशीलाच राहिल्या. गावची जत्रा होईपर्यंत नव्या सुनेचा हात रिकामा दिसायचा नाही, असं त्यांनी सांगून टाकलं. जत्रा दीड महिन्यावर होती. एक बांगडी भांड्याला लागून फुटली, तर मी "फुटली" म्हणाले. आत्या म्हणाल्या, फुटली म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. "आणि बाकीच्या आपोआप वाढंपर्यंत हातात ऱ्हातील."

योगेश बोलायला गेला. आत्यांनी त्याला लहानपणी कडेवर घेतल्याची आठवण करून दिली आणि विषय संपला. सुपरवायझरला फोन केला, तर ते म्हणाले, काचेचं माझ्या हातात नाही. शीलाताईंचा फोन आला. त्यांनी काही विचारलं नाही, फक्त म्हणाल्या, "कोमलचा डबा दिसतोय गं खिडकीत."

पुढच्या रविवारी मी युनिफॉर्मची घडी घालून कपाटात सगळ्यात खाली ठेवली. मला रडू आलं. भांडायचं तर कुणाशी? सगळे प्रेमानेच तर वागत होते.

* * *

सोमवारी पहाटे सासूबाईंनी हाक मारली. आत्या आतल्या खोलीत झोपल्या होत्या. मला वाटलं पाणी तापवायचं असेल. बघते तर ओट्याजवळ पाट मांडलेला आणि हातात खोबरेल तेलाची बाटली.

"हात दे," त्या म्हणाल्या.

एकेक बांगडी तेलावरून सोडवली. पेरावर थांबायच्या, दाबायच्या, पुढे घ्यायच्या. एकही वाढली नाही. आणि निघालेली प्रत्येक बांगडी त्यांनी स्वतःच्या हातात चढवली. माझा हात मोकळा होत गेला आणि त्यांचा हिरवा. योगेश दात घासत बाहेर आला, त्याने आईच्या हाताकडे बघितलं, माझ्या हाताकडे बघितलं आणि माझा युनिफॉर्म काढून आणला.

मोशीच्या स्टॉपवर मी चढले. कोमलने मान खाली घालून डबा उचलला. शीलाताईंनी माझी मनगटं धरून उलटसुलट करून पाहिली. मी खिडकीत बसले आणि चाकण येईपर्यंत सांगत राहिले.

शिफ्ट सुटली. परतताना बस मोशीला लागली, तर स्टॉपवर सासूबाई. दोन्ही हात हिरवेगार, काखेत पिशवी, पिशवीतून तेलाची बाटली वर आलेली. मी पायरी उतरून खाली पाय ठेवला, तोच त्यांनी माझा हात धरला.

"वन्सं दारातच बसल्यात," त्या म्हणाल्या, "हात कर हिकडं."

आणि तिथेच, बसच्या दारापाशी, बांगड्या भरायला सुरुवात केली. एक त्यांच्या हातातून निघायची, तेल लागायचं आणि माझ्या हातात चढायची. बसमधल्या सगळ्या बायका माझ्या बाजूच्या खिडक्यांना चिकटल्या. मागे टेम्पोवाला हॉर्न वाजवायला लागला, त्याच्या मागे आणखी दोघं. पहिल्या रांगेत एचआरचे साहेब होते, गाडी बंद पडली म्हणून आज पुन्हा आमच्या बसमध्ये. त्यांनी घड्याळ बघितलं.

"नाना, चला की. काय झालं?"

नानांनी इंजिन बंद केलं.

"थांबा साहेब," ते म्हणाले. "डावा हात ऱ्हायलाय अजून."