बोटाचं वजन

मुलीचं नवं वाद्य मी ओल्या फडक्यानं पुसलं. काळ्या रबराची गुळगुळीत पाटी, तिला ना पट्ट्या, ना तारा. मला ती टेबलावर अंथरायची काहीतरी वस्तू वाटली. पण ती चालू होती. फडकं डावीकडून उजवीकडे गेलं आणि कोपऱ्यातल्या स्पीकरमधून सूर सारंगीसारखा कण्हत वर चढला.

मुक्ता धावत आली. संध्याकाळी तिचा कार्यक्रम होता, आणि तो याच पाटीवर.

"बाबा, पाणी गेलं का रे आत?"

मी फडकं पाठीमागे लपवलं. तिनं पाटी कोरडी केली, श्वास रोखून बोट ठेवलं. सूर आला. बोट जरा दाबलं तसा तो भरला, सरकवलं तसा घरंगळत खाली उतरला. तिचा चेहरा सैलावला, आणि मी तिथंच खिळून राहिलो.

जन्मभर मी पेटी वाजवत आलो. पेटीत सा आणि रे यांच्यामध्ये भिंत असते, आणि बोट मायेनं ठेवलं की रागानं, हे पट्टीला कधी कळत नाही. या पाटीला कळतं. तापलेल्या लेकराच्या कपाळावर हात ठेवताना तो आपोआप हलका होतो, तेवढंसुद्धा तिला कळत असावं.

"वाजवून बघ ना," मुक्ता म्हणाली.

मी अगदी अलगद बोट टेकवलं. बारीक, थरथरता सूर उमटला.

दारातून बायको म्हणाली, "इतक्या हलक्या हातानं कधी कपबश्या विसळल्या असत्या, तर घरात जोडीचे दोन कप तरी उरले असते."