डोळे आखलेला गणपती आणि कॅन्सल ऑर्डर

मोबाइल वाजला तेव्हा मी भिकूमामच्या चित्रशाळेत, म्हणजे मूर्ती घडवायच्या जागी, एका गणपतीच्या पाटाला दोरी बांधत होतो. चवथीचा आदला दिवस. मूर्ती गाडीत चढवायची आणि पर्वरीच्या एका फ्लॅटमध्ये पोचवायची, एवढंच काम उरलं होतं. स्क्रीनवर मेसेज होता : ऑर्डर कॅन्सल.

मी गिऱ्हाइकाला फोन लावला.

"साहेब, चुकून बटण दाबलं गेलं वाटतं."

"नाही हो. आम्ही दोन ठिकाणी बुक केलं होतं. मिसेसना दुसरा जास्त आवडला."

"अहो, पण उद्या चवथ. मूर्ती गाडीत चढतेय."

"तुमच्याच साइटवर लिहिलंय ना, डिलिव्हरीच्या आधी कधीही कॅन्सल करा, पूर्ण रिफंड. मग?"

मग काय? लिहिलं होतं खरं. मीच लिहिलं होतं. म्हणजे बूट विकणाऱ्या एका मोठ्या साइटवरून जसंच्या तसं उचलून आणलं होतं. त्याला आमच्या धंद्यात कॅन्सलेशन पॉलिसी म्हणतात. घेतलेली ऑर्डर गिऱ्हाइकाला कधीपर्यंत मोडता येते, त्याचा नियम. बुटाला तो नियम छान बसतो. आज परत आलेला बूट उद्या दुसऱ्याच्या पायात जातो.

मी असा उचलून उचलूनच शिकलो. डिचोलीजवळच्या आमच्या गावात खाणी बंद पडल्या, बाबांचं ट्रकच्या गॅरेजमधलं काम गेलं आणि माझं कॉलेज अर्धवट राहिलं. घरात मोबाइलला रेंज नव्हती. पाण्याच्या टाकीवर चढून मी व्हिडिओ बघायचो. वेबसाइट कशी करायची, पेमेंट गेटवे कसा जोडायचा, म्हणजे गिऱ्हाइकाच्या बँकेतले पैसे आपल्या बँकेत कसे आणायचे, हे सगळं मला त्या टाकीनं शिकवलं. आई खालून ओरडायची, "टाकयेर बसून कोण शेठ जाता रे?"

एका वर्षी गंमत म्हणून भिकूमामच्या मूर्तींचे फोटो टाकले. पुण्या-मुंबईत राहणाऱ्या गोंयकारांचे मेसेज यायला लागले. चिकणमातीची मूर्ती, गावच्या कारागिराच्या हातची. त्यांना तेच हवं होतं. तिथून माझा धंदा सुरू झाला. कॉलेजात जे सर माझ्याकडे बघत नव्हते, ते मला भाषणाला बोलवायला लागले. यंग आंत्रप्रेन्योर म्हणून. मीही फुगलो. खोटं कशाला सांगू.

भिकूमाम माझे एकुलते एक सप्लायर. साठी ओलांडलेले, तोंडाने तिखट. गावातली घरं आपापला लाकडी पाट त्यांच्याकडे आणून ठेवतात. पाट ठेवला की ऑर्डर झाली, बोलायचं काहीच नसतं. जेवढे पाट तेवढे गणपती, वर माझ्या साइटवरचे. एकही जास्त नाही. चवथीच्या दिवशी चित्रशाळा रिकामी असली पाहिजे, हा त्यांच्या वडिलांपासूनचा नेम.

मी त्यांना बातमी सांगितली. रिफंड केला, हेही सांगितलं. ते हातातला ब्रश धूत होते.

"पयशे तुवें परत दिले. देव परत घेवपाक म्हाका कोणें विचारलें?"

"माम, राहू दे ना कोपऱ्यात. पुढच्या वर्षी रंग मारून..."

"दोळे काडले रे ताचे!" ते एवढ्या जोरात ओरडले की बाहेर मूर्ती न्यायला उभी असलेली माणसं आत डोकावली.

डोळे आखणं हे मूर्तीचं शेवटचं काम. तोवर ती माती असते. तुटली तर पुन्हा भिजवून गोळा करतात, त्यात काही वाटत नाही. डोळे आखले की मात्र तिला घर लागतं. पूजा झाल्याशिवाय ती पाण्यात सोडत नाहीत आणि चित्रशाळेत तशीच ठेवतही नाहीत. भिकूमामच्या स्वतःच्या घरी त्यांचा गणपती होता. एका घरात दोन बसवत नाहीत.

"ताका घर सोद," ते म्हणाले. "घर मेळ्ळें ना जाल्यार फुडल्या वर्सा म्हज्या दारांत येवं नाका."

हे नुसतं रागाचं बोलणं नव्हतं. भिकूमाम नाही म्हणाले तर माझी साइट म्हणजे नुसती पाटी. इतर चित्रशाळा माझ्यासारख्या पोराला उभं करत नव्हत्या. माझा सगळा धंदा त्या एका मूर्तीवर येऊन टेकला.

मी दारातच बसून फोन लावत सुटलो. ज्यांना उशीर झाल्यामुळे नाही म्हटलं होतं, त्यांना विचारलं. त्यांनी दुसरीकडून आणला होता. इन्स्टाग्रामवर टाकलं : गणपती, मोफत, आजच न्या. लोकांनी हात जोडल्याची चित्रं पाठवली. माणूस एकही आला नाही. म्हापशाचा एक दुकानदार तयार झाला, पण भिकूमाम म्हणाले, "दुकानांत नाका. घर म्हणलां हांवें."

मग नुकतं लग्न झालेल्या माझ्या एका मित्राला गळ घातली. तो हो म्हणाला, पण त्याच्या आईने फोन हिसकावून घेतला.

"अरे, तू खुळो काय? एकदां हाडलो म्हणजे दर वर्सा हाडूंक जाय. आमी थोरल्या दिराकडे वतात. तो कितें म्हणटलो?"

गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. आमच्याकडे भाऊ वेगळे झाले, चुली वेगळ्या झाल्या, कोर्टात गेले तरी गणपती बहुतेक घराण्यांत एकच असतो, मूळ घरी. चवथीला सगळे तिथे जमतात. ज्याने आपला वेगळा आणला, तो खरा वेगळा झाला. आणि एकदा सुरू केलेला गणपती बंद करत नाहीत. हे मला माहीत नव्हतं असं नाही. त्या दुपारी मी ते फक्त मित्राच्या आईचं म्हणणं म्हणून ऐकलं आणि पुढचा नंबर लावला.

पुढचा नंबर सुरेशकाकाचा.

काका बाबांचा धाकटा भाऊ. मांद्र्याला त्याचं घर, वर टुरिस्टांसाठी बांधलेल्या खोल्या. दरवर्षी चवथीच्या आदल्या संध्याकाळी तो काकी आणि मुलांना घेऊन आमच्या घरी यायचा. दोघे चुलत काकाही यायचे. माटोळी बांधायचं काम मात्र बाबांचं आणि सुरेशकाकाचं. गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगून तिला रानातली फळं, सुपारीचे घोस, नारळ, चिबूड बांधतात, ती माटोळी. काका स्टुलावर, बाबा खाली. चिबूड कुठे बांधायचा यावरून दोघे दरवर्षी भांडायचे. आम्ही मुलं ते भांडण ऐकायला मुद्दाम जवळ बसायचो. बाबा वर्षभर कमी बोलायचे. त्या एका संध्याकाळी काय ते बोलून घ्यायचे.

काकीच्या मनात मात्र वेगळं होतं. आदल्या वर्षीच ती आईला म्हणाली होती, "आमचें येदें व्हड घर, आनी चवथीक दाराक कुलूप. देवाकडे दिवो लावपाक कोण ना." आईने ऐकलं आणि नेवऱ्या तळत राहिली.

मी काकाला सगळं सांगितलं. त्याच्या मागे मिक्सर चालू होता, तो बंद झाला.

"दादाक विचारलां?" काका म्हणाला.

"बाबा माटोळीच्या बाजारात गेलेत. मी सांगतो त्यांना. काका, मी खूप अडकलोय रे."

"फोन थांबय. हिका विचारतां."

काकी मागून काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. काका परत आला तेव्हा त्याचा आवाज लहान मुलासारखा झाला होता. "येतां हांव. पाट हाडतां."

पाट त्याच्याकडे होता. नवा, पॉलिश केलेला. कधी करून घेतला होता, कोण जाणे.

काका आला, भिकूमामच्या पाया पडला. विडा ठेवला. भिकूमामनी मूर्ती त्याच्या पाटावर बसवून दिली आणि माझ्याकडे बघून पहिल्यांदाच हसले. गाडी सुटताना काका म्हणाला, "दादाक सांग, सांजवेळां आरती करून येतां." मी मान हलवली. मला वाटलं, सुटलो. सप्लायर खूश, काकी खूश, देवाला घर. अडकलेली ऑर्डर मार्गी लावली म्हणून मी स्वतःचीच पाठ थोपटली. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, ही म्हण माझ्यासाठी कोणी तरी आधीच करून ठेवली होती.

बाबा बाजारातून आले. दोन्ही हातांत पिशव्या, खांद्यावर नारळांचा घोस. घाम पुसत त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "सुरेश खंय पावलो?"

मी सांगितलं. भराभर सांगितलं, धंद्याचं कसं अडलं होतं तेही. बाबांनी पिशव्या खाली ठेवल्या. चिबूड घरंगळत भिंतीपाशी गेला. तो आईने उचलला.

"एका वर्सापुरतो न्हय मरे तो," बाबा म्हणाले.

"बाबा, काका म्हणाला की आरती करून..."

"पयलो गणपती घरांत बसयलो आनी तो सोडून हांगा येतलो?" त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "म्हाका फोन करपाचो रे, पुता. हांव भिकूच्या पायां पडपाक गेल्लों आसतलों."

ते खरोखर गेले असते. भिकूमाम आणि बाबा एका वर्गातले. बाबांनी शब्द टाकला असता तर दोघांनी बसून काही तरी तोड काढली असती. दुकानदार चालला असता, नाही तर देवळात सोय झाली असती. माझ्या डोक्यात ते आलंच नाही. धंद्याचा प्रश्न आपला आपण सोडवायचा, हे मी इतकं शिकून बसलो होतो की घरात बाप आहे हे विसरलो. या गोष्टीचं मला आजही सगळ्यात जास्त वाईट वाटतं.

"स्टुलार चड," बाबा म्हणाले. त्या वर्षी माटोळी मी बांधली. चिबूड चुकीच्या जागी बांधला तरी बाबा काही बोलले नाहीत.

काका दुसऱ्या दिवशी आला, एकटाच. प्रसाद घेऊन. दोघे भाऊ गोड बोलले. इतकं गोड की मला तिथे बसवेना. भांडण असं काही झालंच नाही, आजही नाही. लग्नाकार्याला सगळे असतात. पण पुढच्या वर्षी थोरले चुलत काका म्हणाले, सुरेशने आणला मग आम्ही का नाही. त्यांच्या मागून धाकटे. सगळ्यांनी गणपती माझ्याच साइटवरून मागवले. वर रिव्ह्यूही चांगले लिहिले.

पॉलिसी मी बदलली. 'डोळे आखल्यावर ऑर्डर कॅन्सल होणार नाही' असं आता साइटवर मोठ्या अक्षरांत आहे. लोकांना ते फार आवडतं. एका भाषणात एका मुलाने विचारलं, सर, ही आयडिया कशी सुचली? मी म्हटलं, अनुभवातून. टाळ्या पडल्या.

गेल्या वर्षी नागपंचमीच्या सुमाराला बाबा पाट घेऊन भिकूमामकडे निघाले. मी सोबत होतो. आमचा गणपती पहिल्यापासून मोठा. विसर्जनाला उचलायला चार माणसं लागायची. बाबांनी पाट भिंतीला टेकवला, थोडा वेळ इकडचं तिकडचं बोलले आणि म्हणाले, "भिकू, औंदू ल्हान कर. दोगांक उखलपासारको."

भिकूमामनी माझ्याकडे बघितलं. मग पाटाकडे. "बरें," म्हणाले.

अडकलेली वस्तू कशी खपवायची, हे शिकवणारे व्हिडिओ शेकड्यांनी आहेत. ती घरात खपवू नये, हे त्यातल्या एकातही सांगितलेलं नाही.