बारा मोबाईल आणि बैलाची चाल

मुलीला शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी चालता बैल संगणकात उतरवायचा होता. नुसतं चित्र नव्हे. सगळ्या बाजूंनी फिरवून बघता येईल असा बैल, आणि निम्मे गुण त्याच्या चालीला.

"उभ्या वस्तूभोवती आपण फिरत फोटो काढले तरी भागतं, बाबा. चालणारी वस्तू सगळीकडून एकदमच टिपावी लागते."

म्हणजे बारा कॅमेरे हवेत. बैल माझ्या चुलत्यांचा होता. कॅमेऱ्यांसाठी वाडीनं इर्जिक केली. भातलावणीला एकमेकांच्या वावरात जातो, तशीच. घरटी एक मोबाईल आणि तो धरायला एक माणूस, बोली तासाभराची. मी खळ्यावर पंधरा फुटांच्या दोरीनं वर्तुळ आखलं. परीघ चौऱ्याण्णव फूट आला. दर सात फूट दहा इंचांवर चुन्याची खूण केली.

चुलत्यांनी बैल घासून, धुऊन, तेल लावून आणला. पांढराशुभ्र, अंगावर एक डाग नाही. मुलीचा चेहरा पडला. संगणक अंगावरच्या खुणा एका फोटोतून दुसऱ्यात ताडून आकार ओळखतो; कोऱ्या अंगावर तो काय ताडणार?

"आजोबा, एवढा कशाला धुतलात?"

"मग शेणानं भरलेला आणू व्हय फोटूला? लोकं माझ्या तोंडात शेण घालतील!"

"आता याला डाग पाडायला हवेत."

"एवढंच न्हवं?" चुलती हसल्या. "बेंदराला बैल सजवताना पाडतोच की आमी."

त्यांनी गेरू कालवला. बांगडी बुडवून पाठीवर गोल उठवले, मुलीनं बोटांनी पायांवर ठिपके दिले. वर्तुळात उभ्या शेजारणीनं टोमणा मारला, "नवरदेवाला बी एवढं फोटूवालं नसत्यात गं बाई!"

मी मोठ्यानं टाळी वाजवली. बाराही चित्रफिती त्या टाळीच्या आवाजावर जुळवायच्या होत्या. बैल या टोकापासून त्या टोकापर्यंत सहा वेळा चालला.

आठवड्यानं मुलगी लॅपटॉप घेऊन घरी आली. बैल ओळखू येत होता. पोटाखाली भोक राहिलं होतं, कारण तिथं कोणाचाच मोबाईल पोचला नव्हता. पण तिचं दुखणं वेगळंच होतं. मागचा डावा पाय दर पावलाला उशिरा पडत होता. मी मोजलं; सेकंदाला तीस चित्रं, त्यातल्या तीन चित्रांइतका उशीर.

"जुळवणी चुकली असणार. आज दुपारी हाताने सरळ करते, उद्या दाखवायचंय."

त्याआधी आजोबांना दाखवावं म्हणून आम्ही दोघं गोठ्यात गेलो. चुलत्यांनी चष्मा पुसून तीनदा बघितलं.

"मागला डावा दुखतोय त्याचा."

"नाही हो आजोबा, ती माझी चूक आहे."

वाकून त्यांनी खूर उचलला. खुराला ठोकलेल्या पत्रीच्या कडेला बोराच्या बीएवढा खडा रुतला होता. तो काढताना ते बैलालाच म्हणाले, "रोज तुझ्याम्होरं उभा ऱ्हातो, पर मला न्हाई दिसलं रं."

मुलीनं चालीला हात लावला नाही. परीक्षकांनी पाय का ओढतो विचारलं, तेव्हा तिनं खड्याची हकिकत सांगितली. चालीचे गुण पुरे मिळाले. भोकाचे तेवढे कापले गेले.

चुलत्यांना हे काही पटलं नाही. "आता बरा झालाय त्यो," ते तिला म्हणाले. "पुन्यांदा काढ. कालेजात सगळी मानसं त्याला लंगडा समजत असतील."