ईनबाईचा पाहुणचार आणि आतड्यातली गाठ

स्क्रीनवर चार गाठी दिसत होत्या आणि फोनवर सर्जन घाई करत होते. "मॅडम, काय ते एकदा सांगा ना!"

"थांबा हो. आधी मला पेशंटशी भांडू द्या," म्हणून मी फोन ठेवला.

चंद्रपूरला सीटी स्कॅन वाचण्यात माझी उमर गेली. त्या दिवशी टेबलावर होत्या नागभीडकडच्या अनसूयाबाई. शौचातून रक्त जायचं, ते मूळव्याध समजून अंगावर काढलेलं. आतड्यात दुर्बीण घालायला ठाम नकार, म्हणून सर्जननी आमच्याकडे आतड्याच्या सीटीला पाठवलं. या तपासणीत मोठं आतडं हवेने फुगवतात आणि सीटीवर आतली भिंत बघतात. त्यासाठी आतडं रिकामं हवं. आदल्या दिवशी नुसतं पातळ, वर जुलाबाचं औषध. नाहीतर उरलेला मळही गाठीसारखाच दिसतो.

मी आत गेले. "बाई, काल काय खाल्लं?"

"काईच नाई."

"खरं सांगा."

"मी कुठी खाल्लं वो? ईनबाईनं वाढलं."

ईनबाई म्हणजे विहीण. वाटेत लेकीचं सासर, मुक्काम तिथेच. विहिणीने भात, लाखोरीची डाळ, वांग्याची भाजी आणि वडे केलेले.

"लेकीच्या सासूचं ताट वापस कसं करू? जनमभर बोलन थे पोरीले."

"आणि जुलाबाचं औषध?"

"सोयऱ्याच्या घरी लोटा घेऊन धावू काय?"

मी कपाळावर हात मारला. नियमाने स्कॅन रद्द करून परत पाठवायला हवं होतं. तसं म्हटलं तर बाई म्हणाल्या, "आता रोवणा हाय. धान लावून झालं का येतो." आणि नाही आल्या तर? त्यातली एखादी गाठ खरी असली तर? राग आला होता, पण त्यांना तसं सोडवेना.

"पालथ्या झोपा."

"हवा निंगून जाईन ना!"

"जाऊ द्या. मी परत भरते."

मळ सुटा असतो, कूस बदलली की घरंगळतो. गाठ भिंतीला धरून बसते. दुसऱ्या स्कॅनमध्ये तीन गाठी आरामात खाली सरकल्या. तो सगळा विहिणीचा पाहुणचार! चौथी मात्र डाव्या बाजूला जागची हलली नाही. माझं हसूच गेलं.

सर्जनना फोन केला. "आतडं नीट रिकामं नाही, पण एक गाठ खरी वाटते. दुर्बिणीने तुकडा काढाच."

मग बाईंचा हात धरून सगळं सांगितलं.

"मरतो का वो मी?"

"आत्ता काढली तर बहुतेक नाही. पण रोवणा होईपर्यंत थांबू नका."

"बरं. घाला मंग दुर्बीण."

तुकड्यात कॅन्सर निघाला, पण तो आतड्याच्या भिंतीबाहेर गेला नव्हता. नागपूरला ऑपरेशन झालं. बाई तगल्या.

पुढच्या तपासणीला त्यांच्यासोबत विहीण आली. पदराचं टोक पिळत दारातच उभी. "मॅडम, माह्या जेवणानं झाली का वो थे गाठ?"

"नाही हो माय! तुमचं जेवण सरकलं. गाठ त्याच्या फार आधीची."

ती एकदम रडायलाच लागली. अनसूयाबाई म्हणाल्या, "रडता काऊन ईनबाई? वडे मस्त झालते."

तेव्हापासून मी सूचना फक्त पेशंटला देऊन थांबत नाही. वाटेत कोणाचं घर लागतं ते विचारते आणि तिथेही फोन करते.